रूरीचा फेरा

गारा रुआ, साउथ युइस्ट
४ ऑक्टोबर १९७८

ऊना,

हे पत्र लिहायला बसले, कारण तुला पत्र लिहून होईपर्यंत हृदयाची गोळी घेणार नाही असं रूरीने काल सकाळी जाहीर केलं, आणि आज दुपारपर्यंत घेतलेली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या भावाला नाक दाबून गोळी देता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा निघेल असं धरून चालू नका. रूरीला ते माहीत आहे. त्याला एकच काळजी आहे, फेऱ्याची.

तुझी आई, माझी मावसबहीण, तुला फेऱ्याबद्दल बोललीच असेल. संध्याकाळी रूरी उजव्या हाताचं बोट पुढे धरून, सूर्य जातो त्या वाटेने तळ्याला एक वेढा घालतो आणि तोंडाने पुटपुटतो, तो. पूर्वी या बेटावर प्रत्येक कामाला आशीर्वाद होता. गाय दोहायला वेगळा, होडी पाण्यात ढकलायला वेगळा, रात्री विस्तव झाकायला वेगळा. आता लोक टीव्ही बघतात. आमच्या वस्तीत एक फेरा उरला आहे आणि तो रूरीपाशी आहे. तो बाईने पुरुषाला द्यायचा आणि पुरुषाने बाईला. आजोबांनी आमच्या आईला दिला, आईने रूरीला. बाईने बाईला दिला तर गार पडतो, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

रूरीने तुला निवडलं आहे. जुलैत तू आठ दिवस इथे होतीस आणि आठही दिवस पहाटे चारला बांधावर जाऊन बसत होतीस. मला वाटलं, तुला पक्ष्यांचा नाद लागला. रूरी म्हणाला, "त्या पोरीची झोप कुणीतरी उचलून नेली आहे. तिला फेरा द्यायला हवा."

माझं मत तुला ठाऊक आहे. तळ्याभोवती फिरून झोप लागत असेल, तर ती फिरण्याने लागते. पण इच्छा त्याची आहे. वीस तारखेच्या आत ये. ओबानहून शुक्रवारची बोट धर. लोकरीचे मोजे आण, गेल्या वेळी माझे नेलेस.

मार्सली

ता. क. रूरी खाटेवरून विचारतो, "शेवटी काय लिहिलंस?" मी म्हटलं, मोजे. तो म्हणाला, "मी इथे मरायला टेकलोय आणि ही पायांत अडकलीय." गोळी घेतली.


ग्लासगो
११ ऑक्टोबर १९७८

मार्सली मावशी,

पत्र वाचून रूरीमामाचा आवाज कानात आला. मला यायचं आहे, पण वॉर्डात माणसं कमी आहेत, रजा मिळणं कठीण. नवरा तिकडे तेलविहिरीच्या फलाटावर आहे, भर समुद्रात. टॉर्किल आला की बघू.

झोपेचं मामाने बरोबर ओळखलं. इथे बांध नाही, म्हणून मी पहाटे उठून क्लाइड नदीच्या काठाने चालते. गोदीच्या भिंतीपर्यंत जाते, परत येते, किल्ली दाराला लावते आणि पुन्हा मागे फिरते. काल तीन वेळा गेले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय हरवलंय का हो?" मी म्हटलं, हातमोजा. आता त्या रोज विचारतात, सापडला का.

मावशी, तुम्ही मामाच्या तोंडून शब्द उतरवून घ्या आणि मला पाठवा. तुमचं अक्षर तर छापल्यासारखं आहे. मी पाठ करीन.

आणि एक विचारू का? तुम्ही त्याच घरात राहता. बाई आहात. मामा फेरा तुम्हाला का देत नाही?

ऊना


गारा रुआ
१७ ऑक्टोबर

ऊना,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. नर्सने औषधांची नावं अशी लिहिली तर रोगी बरा होण्याऐवजी भलतंच व्हायचं.

कागदाचं मी रूरीला विचारलं. तो म्हणाला, "कागदाला तोंड आहे का? मग तो म्हणणार कसा?" मी म्हटलं, ती वाचील. तो म्हणाला, "वाचून जेवण होतं का?" अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय माझ्या हातून गेला तर तो बाईकडून बाईकडेच गेला, मग तो कागदावरून जावो की तारेवरून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळता आलं असतं. पण मुलांना मी कधी टाळू दिलं नाही.

१९३२ साली मी ग्लासगोचं कॉलेज करून परत आले. डोक्यावर हॅट होती आणि डोक्यात पुस्तकं. सोमवारी शाळेत रुजू व्हायचं होतं. त्या शनिवारी आम्ही दोघं दलदलीत जळणाच्या चिखलविटा रचत होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. रूरीने हात पँटला पुसले आणि म्हणाला, "मार्सली, आईचा फेरा माझ्याकडे आहे. तू घे. परवापासून तुझ्या हाताखाली चाळीस पोरं असणार." मी म्हटलं, "ती अडाणी म्हाताऱ्यांची बडबड मला नको. पोरांना मी भूगोल देणार आहे."

त्याने उरलेल्या विटा रचल्या. फेऱ्याचा नियम असा, की एकदा नाकारलेला फेरा देणाऱ्याने पुन्हा पुढे करायचा नाही. ज्याला हवा त्याने मागायचा. तेव्हापासून आम्ही चुलीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्यांत समोरासमोर बसत आलो. त्याने कधी पुढे केला नाही. मी कधी मागितला नाही, आणि मागणारही नाही. मला त्याची गरज नाही. हे फक्त तू विचारलंस म्हणून.

वीस तारीख तर गेल्यातच जमा आहे. सत्तावीसच्या बोटीने ये. रजा मिळत नसेल तर तुझ्या मेट्रनचं नाव कळव, मी तिला लिहिते.

मार्सली


ग्लासगो
२३ ऑक्टोबर

मावशी,

मेट्रनला लिहू नका. रजा मिळाली. सत्तावीसला येते. मामाला सांगा, गोळ्या घे.

ऊना


(ओबानहून, तीन कार्डं)

२७ ऑक्टोबर. बोट सुटली नाही. नैर्ऋत्येचा वारा. उद्या सुटेल म्हणतात.

२९ ऑक्टोबर. आजही नाही. विमानही नाही. धक्क्यावर फेऱ्या मारते आहे. तिकीटवाला म्हणतो, "बाई, तुम्ही चालत निघाला असतात तर एव्हाना पोचला असतात." मामा कसा आहे?

३१ ऑक्टोबर. पाचवा दिवस. समोर पाणी आहे आणि त्याच्यापलीकडे तुम्ही आहात, एवढंच कळतं. खोलीत बसवत नाही. दुपारच्या गाडीने परत चालले. मावशी, मला माफ करा.


गारा रुआ
६ नोव्हेंबर १९७८

ऊना,

तार मिळाली असेल. तुझी तिन्ही कार्डं दफनाच्या दिवशी एकाच टपालाने आली. तू पाच दिवस धक्क्यावर होतीस हे मला तेव्हा कळलं. तोवर मी तुला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं होतं. ते मागे घेते.

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

तीस तारखेला रात्रभर छपराच्या दोऱ्या ओरडत होत्या. सकाळी डॉक्टर कसेबसे आले, नाडी पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "दोन दिवस. बोलणं त्याआधी जाईल." मी आत आले. रूरी दाराकडे बघत होता. म्हणाला, "पोरगी आली का?" मी म्हटलं, "बोट बंद आहे." तो म्हणाला, "बरं." आणि डोळे मिटले. एवढंच. "बरं."

मी घड्याळाला किल्ली दिली. ती सकाळीच दिली होती. बटाटे सोलले, लापशी केली, कुणी खाल्ली नाही. बाहेर जाऊन जळण आणलं, खोक्यात जागा नव्हती, पुन्हा बाहेर ठेवून आले. असं तीन तास चाललं. मग मला स्वतःचीच चीड आली. शाळेत एखादा मुलगा उत्तर येत असून असा चुळबुळत राहिला, की मी म्हणत असे, उभा राहा आणि बोलून टाक.

मी खुर्ची खाटेसमोर ओढली आणि म्हटलं, "रूरी, फेरा मला दे."

त्याने एक डोळा उघडला. "कोण मागतंय?"

"मी. मार्सली."

"ती भूगोलवाली?"

"हो, तीच."

"फार वेळ लावलास गं," तो म्हणाला, आणि हसला. मग खोकला आला.

त्याला उठता येत असतं तर मी त्याच्या मागून तळ्याभोवती चालले असते, रीत तीच आहे. पण त्याच्यात बळ नव्हतं. त्याने पडल्या पडल्या बोट वर करून छातीसमोर हवेत वेढा काढला आणि पहिली ओळ म्हटली. मी त्याच्यासमोर बसून तसंच बोट फिरवलं आणि ओळ म्हटली. पाठांतर माझं चांगलं आहे. तीन ओळी झाल्या. तो बघतच राहिला.

"उलटा," तो म्हणाला.

"काय उलटा? तू फिरवलंस तसाच फिरवला."

"मी सूर्याच्या वाटेने गेलो. तू उलट्या वाटेने आलीस. मेलेल्याला काढतात तसा काढलास. आणि काय म्हणतेस, पाठीशी डोंगर, समोर समुद्र? डोंगर तुझ्या नाकासमोर आहे बाई. समुद्र पाठीशी आहे. धडधडीत खोटं बोलतेस."

मी वळून पाहिलं. खरंच होतं. त्याची खाट पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून आहे, समुद्राकडे. मी त्याच्याकडे तोंड करून बसले होते. त्याचं उजवं ते माझं डावं. त्याच्यापुढचं सगळं माझ्या पाठीला.

"अडतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलीस," तो म्हणाला, "आणि पोरांचा उजवा हात कुठला हे तुला कळलं नाही. समोर नको बसूस, मार्सली. शेजारी ये."

मग मी बूट काढले आणि खाटेवर त्याच्या शेजारी टेकून बसले, पाय लांब करून. सत्तरीला आलेली बाई. कुणी आत आलं असतं तर काय म्हणालं असतं, कोण जाणे. तिथून पहिल्यांदा मला त्याची खिडकी दिसली. गवताचं सपाट रान, त्यापलीकडे पांढरा फेस, आणि लाल चोचीचे ते पक्षी, ज्यांना आपण ब्रीजे संतिणीचे गडी म्हणतो, वाऱ्याकडे तोंड करून ओळीने उभे. सेहेचाळीस वर्षं तो त्या बाजूने जे बघत होता ते मी माझ्या खुर्चीतून कधी पाहिलंच नव्हतं. मला दिसायची ती भिंत, आणि तो.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चारच्या सुमारास पूर्ण झाला.

शब्द लिहिणार नाही. दोन गोष्टी सांगते. फेऱ्यात काही जागा मोकळ्या असतात. पाठीशी काय, समोर काय, पायांखाली काय, ते ज्याने त्याने आपलं घालायचं. आईच्या वेळी पायांखाली तिचं शेत होतं, रूरीने तळ्याचे दगड घातले. मी विचारलं, "खोटं असलं तर?" तो म्हणाला, "खरं असलं तरच धरतो."

दुसरी गोष्ट. मध्यावर एक जागा नावाची आहे. वेढ्याच्या आत ज्याला ठेवायचं त्याचं नाव. तिथे रूरी रोज संध्याकाळी कोणाचं नाव घेत होता, ते मला त्या दिवशी कळलं. ते लिहिण्याचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी, सर्व संतांच्या दिवशी, दुपारी तो गेला. वारा त्यानंतर दोन तासांनी पडला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, वाऱ्याला.

आता फेरा माझ्याकडे आहे. म्हणजे तुला मिळायचा नाही. मला वाईट वाटतं.

मार्सली


ग्लासगो
१३ नोव्हेंबर

मार्सली मावशी,

मी पत्र चारदा वाचलं. मामासाठी रडले, मग तुमच्यावर चिडले. चिडलेलीच लिहिते आहे.

तुमचा यावर विश्वास नाही. तुम्हीच लिहिलंत, झोप लागते ती फिरण्याने. मग बाईने बाईला दिला तर काय बिघडतं? कोण बघतंय? मामा असता तर मी हट्ट धरला नसता. पण तो मला देणार होता. ते माझं होतं. वाऱ्याने पाच दिवस अडवलं म्हणून ते तुमचं झालं.

लिहून पाठवा. कुणाला सांगणार नाही. मावशी, मी काल रात्री स्वयंपाकघरातली सगळी भांडी फडताळातून काढली आणि पुन्हा लावली. दोनदा. मला काहीतरी म्हणायला हवंय.

त्या जागी मामा तुमचंच नाव घेत होता ना?

ऊना


गारा रुआ
१८ नोव्हेंबर

ऊना,

नाही.

हे उत्तर तुझ्या मागणीला. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

कोण बघतंय, असं तू विचारतेस. पत्र आल्यापासून मी स्वतःला तेच विचारते आहे. मी दोनदा कागद घेतला. एकदा पहिली ओळ लिहिली, वाचली आणि चुलीत घातली. कागदावर ती नुसती ओळ होती. विश्वास आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पण नियम मला कळतात. ज्या वस्तूसाठी एका माणसाने सेहेचाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं, ती मी पाच पेनीच्या पाकिटात घालणार नाही.

मी रोज संध्याकाळी तळ्याला जाते. शांत वाटतं का, असं विचारू नकोस. नाही वाटत. रिकाम्या खुर्चीसमोर बसवत नाही म्हणून जाते. आणि ती नावाची जागा आली, की थांबते. तिथे कोणाला घालायचं, हे ठरत नव्हतं. परवापासून तुझं घालते आहे. तो माझा अधिकार आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

परवाच परत येताना एक गोष्ट डोक्यात आली. ती आधी यायला हवी होती, साधं गणित आहे. बाईकडून पुरुषाकडे, पुरुषाकडून बाईकडे. माझ्या आणि तुझ्या मध्ये एक पुरुष हवा. तुझ्या घरात एक आहे. तो लुइस बेटाचा आहे, आणि तिथल्या कडव्या प्रॉटेस्टंटांना फेऱ्यातली संतांची नावं म्हणजे पाखंड, हे मला माहीत आहे. तरी पुरुष तो आहेच. टॉर्किलची सुटी लागली की त्याला इकडे पाठव. मी त्याला देते. तो तुला देईल.

मार्सली


ग्लासगो
२४ नोव्हेंबर

मावशी,

टॉर्किल माझ्या घरात नाही.

त्याची शेवटची सुटी त्याने ॲबर्डीनला एका खानावळीत खोली घेऊन काढली. त्याच्या आधीचीही. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं. गेल्या वर्षी मार्चमध्ये सातव्या महिन्यात बाळ गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पंधरा दिवस घरी असायचा, माझ्यासमोर टेबलाशी बसायचा आणि चमच्याकडे बघायचा. एकदा मी म्हटलं, असंच बसायचं असेल तर तिकडेच बस. तो तिकडे बसला.

आणि मी वॉर्डातही नाही. ऑगस्टपासून. औषधांच्या गाड्यापाशी उभी राहिले आणि मला हलताच येईना. सिस्टर चांगली होती, तिने मला घरी पाठवलं. रजा मिळणार नाही म्हणून लिहिलं ते खोटं होतं. मला बेटाची भीती वाटत होती. तिथे तुम्ही सगळे विचाराल, असं वाटलं.

त्याला मी विचारणार नाही. मला गरज नाही त्याची.

ऊना


ॲबर्डीन
६ डिसेंबर १९७८

मार्सलीबाई,

तुमचं पत्र फलाटावर हेलिकॉप्टरने आलं. पोरांना वाटलं, कुणी वारलं. माझ्या शाळेत तुमच्यासारख्या एक बाई होत्या, त्यामुळे पत्र वाचताना मी उभाच राहिलो.

तुम्ही लिहिलंत की यावं, म्हणून चौदा तारखेला येतो. ऊनाने बोलावलेलं नाही हे मला समजलं आहे.

एक विचारतो. मेरीचं आणि त्या ब्रीजेचं नाव घ्यावंच लागतं का? माझ्या आईला कळलं तर ती मला दाराबाहेर उभं करून बायबल वाचून दाखवेल, पहिल्या पानापासून.

टॉर्किल


गारा रुआ
१९ डिसेंबर १९७८

ऊना,

मी तुला न विचारता तुझ्या नवऱ्याला पत्र लिहिलं. रागाव. राग संपला की पुढचं वाच.

तो गुरुवारी आला, भिजलेला, हातात केकचा डबा आणि टोपी. माणूस मोठा आहे, माझ्या दारात मावत नाही. जेवताना तो माझ्यासमोर रूरीच्या खुर्चीत बसला आणि चमच्याकडे बघत राहिला. तू लिहिलंस ते मला तेव्हा समजलं. मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून जेवलो. तो म्हणाला, "तुमच्याकडे असं जेवतात?" मी म्हटलं, आजपासून.

शुक्रवारी त्याला तळ्यावर नेलं. पाऊस होता. मी पुढे, तो मागे. मेरीपाशी तो अडला. मी म्हटलं, "तुझ्या आईचं नाव काय?" "मेरी," तो म्हणाला. "मग तिचं घे. वर कोण ऐकतं ते त्यांचं ते बघतील." ब्रीजेला त्याने पक्ष्याची मालकीण म्हणून चालवून घेतलं. पाठीशी त्याने वारा घातला, समोर समुद्र. पायांखाली काय घालू, त्याने विचारलं. मी म्हटलं, खरं असेल ते. तो म्हणाला, "लोखंड. आणि त्याखाली सातशे फूट पाणी." माझ्या आजोबांनी असा फेरा ऐकला नसेल, पण खोटा नव्हता.

मग ती नावाची जागा आली.

मी पुढे होते. मागे त्याची पावलं थांबली, म्हणून मीही थांबले. वळले नाही. समोर बघत उभी राहिले. मग त्याने दोन नावं घेतली. एक तुझं. दुसरं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं; लहान नाव होतं, मुलीचं. ते तो बाळ गेल्या दिवसापासून जवळ बाळगून आहे. परत येताना म्हणाला, "तिला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, मी धरून बसलोय. ती तर भांडी आवरत होती."

ते नाव मी लिहिणार नाही. माझ्याकडे आहे, आणि तू कितीही चिडलीस तरी देणार नाही. ते त्याच्या तोंडून घ्यायचं.

रविवारी त्याने काहीच केलं नाही. लुइसचा माणूस. रविवारचे बटाटे त्याने शनिवारीच सोलून ठेवले, माझेसुद्धा. ते मी माझ्या मतांविरुद्ध खाल्ले. सोमवारी गेला.

आता तुझी पाळी. त्याच्या खानावळीचा पत्ता खाली देते. तो आपणहून पुढे करणार नाही. त्याला एकदा तिकडेच बस म्हटलं आहेस. तुला मागावा लागेल. मला गरज नाही, असं तू लिहिलंस. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, ऑक्टोबरच्या माझ्या पत्रात बघ. ते मागे घ्यायला मला सेहेचाळीस वर्षं लागली आणि शेवटी हातात एक दुपार आली. ॲबर्डीनची गाडी सकाळी आहे.

समोर बसू नकोस.

मार्सली


ग्लासगो
१ जानेवारी १९७९

मावशी,

मागितला.

खानावळीच्या दारातच मागितला, डोक्यावर बर्फ तसाच होता. टॉर्किल म्हणाला, "आत तर ये." आम्ही घरी आलो, आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बाक ओढला. समोर गोदीच्या क्रेन, पाठीशी आमची चूल. पायांखाली काय घालू, मला सुचेना. तो म्हणाला, "खालच्या बाई." मी इतकी हसले की त्या बाईंनी छताला काठी आपटली. मग त्यांनाच घातलं.

नाव ऐकलं. बाकी त्याबद्दल लिहीत नाही. मामाच म्हणाला होता, कागदाला तोंड नसतं.

मी झोपले, असं म्हणणार नाही. पहाटे चारला जाग आलीच. पण मी दाराकडे गेले नाही. तो जागा होता. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो.

या पत्रात किती चुका आहेत?

ऊना


गारा रुआ
९ जानेवारी १९७९

ऊना,

एक. दाखवत नाही.

शाळेची जुनी नोंदवही माझ्याकडे आहे, शेवटची पानं कोरी होती. त्यातल्या एका पानावर पुढील नोंद केली आहे. तिची नक्कल तुझ्याकडे असावी.

*नोंद. गारा रुआचा फेरा.*

*आजोबांकडून आमच्या आईकडे. तारीख ज्ञात नाही. शेतात.*

*आईकडून रूरीकडे. १९३१ चा वसंत. तळ्याभोवती.*

*रूरीने मार्सलीपुढे केला, १९३२, दलदलीत. मार्सलीने नाकारला.*

*रूरीकडून मार्सलीकडे, मागितल्यावरून. ३१ ऑक्टोबर १९७८. खाटेवर, शेजारी बसून. एकदा उलटा गेला, दुरुस्त केला.*

*मार्सलीकडून टॉर्किलकडे. १५ डिसेंबर १९७८. तळ्याभोवती, पावसात.*

*टॉर्किलकडून ऊनाकडे, मागितल्यावरून. ३० डिसेंबर १९७८. ग्लासगो, स्वयंपाकघरातला बाक, दोघांची तोंडं खिडकीकडे.*

*शब्द लिहिलेले नाहीत. जाताना कमी काही झाले नाही. आतली नावे: एक वाढले, लहान मुलीचे.*

मार्सली